सराफ बाजारामागचा वाडा : वायरिंगच्या मालाचा अंदाज आणि प्रत्यक्ष

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

तुळशीची लग्नं लागली की आमच्या धंद्यात फोन वाढतात. आज नाशिकच्या सराफ बाजाराच्या मागच्या बोळातल्या काकूंकडे जाऊन आलो. वाडा वाटण्या होऊन तीन घरांचा झालाय. काकूंकडे खाली ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि वर माडीच्या दोन खोल्या. माडीवर कडीपाट, त्यावर पत्रे.

"त्या बटणाला ओला हात लागला की मुंग्या येतात रे. तुझ्या बाबांनी केलेली फिटिंग आहे, चाळीस वर्षं टिकली," काकू म्हणाल्या. टिकली म्हणजे जळली नाही इतकंच, हे मी मनात म्हटलं.

बोर्ड उघडले. घरात वायरिंगचे तीन थर आहेत. सगळ्यात जुना लाकडी पट्टीतला, सुती वेष्टणाच्या रबरी तारांचा, ३/२२ चा, म्हणजे २२ गेजच्या तीन तारांचा. आजच्या मापात ती साधारण सव्वा स्क्वेअर, म्हणजे चौरस मिलिमीटर, भरते. तांबं अजून शाबूत, पण रबराला बोट लावलं की चकलीसारखं कुरकुरीत तुटून पडतं. मधला थर बाबांचा, लाकडी बॅटनवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेली अॅल्युमिनियमची वायर. तिसरा थर गेल्या पंधरा-वीस वर्षांत ज्याच्या हाती टेस्टर आला त्याने ओढलेला. तांब्याची वायर अॅल्युमिनियमला पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. माजघरातला असा एक जोड सोडवला तर अॅल्युमिनियम पांढरं पडून पिठासारखं झालेलं. दोन धातूंचा सांधा ढिला पडतो, तापतो, तापला की आणखी ढिला पडतो. बाबांच्या थरात असे जोड नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो.

मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावला. वरच्या लाइनला ०.२ मेगाओहम, खालच्या ओसरीच्या लाइनला काटा शून्यावरच. निदान १ तरी हवा. काकूंना सांगितलं, डागडुजी होणार नाही, सगळं काढावं लागेल.

काकूंच्या पुण्यातल्या मुलाचा तिथेच फोन आला. "दादा, पॉइंटचा काय रेट?" त्याला २०२७ च्या सिंहस्थापर्यंत माडी नीट करून घ्यायची आहे, पाहुणे येतील म्हणून. म्हटलं, फ्लॅटमध्ये पॉइंटवर, म्हणजे दिवे-पंखे-सॉकेटं मोजून, हिशेब बसतो, वाड्यात बसत नाही. दोन दिवस द्या, कागदावर देतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

आधी भार. काकूंच्या बिलावर मंजूर भार १ किलोवॅट आहे. घरात चालणार काय ते बसून लिहिलं. दिवे २४, दहा वॅटचे धरले तर २४०. पंखे ६, जुने ७५ वॅटचे, म्हणजे ४५०. फ्रिज २००, टीव्ही १००, मिक्सर ७५०, इंडक्शन शेगडी २०००, गिझर २०००, माडीवरचा दीड टनी एसी १७००, वॉशिंग मशीन ५००, हौदावरची अर्ध्या एचपीची मोटर ५५०, इस्त्री १०००. बेरीज ९४९०.

सगळं एकदम कधीच चालत नाही. पण नाशिकची थंडी ध्यानात घ्यायला हवी. डिसेंबरात सकाळी सहा ते आठ गिझर, शेगडी आणि मोटर एकत्र चालणारच. साठ टक्के धरले, ५.७ किलोवॅट. २३० ने भागलं की पंचवीस अँपिअरला टेकतो. आज हे सगळं १५ अँपिअरच्या एका किटकॅट फ्यूजवर आहे, आणि त्या फ्यूजमध्ये कोणीतरी तिपेडी तार घातलेली.

म्हणजे महावितरणकडे भार वाढवून मागायचा, त्याला माझा टेस्ट रिपोर्ट जोडायचा. मुख्य वायर १० स्क्वेअर. सहाची चालली असती, पण उद्या मुलगा दुसरा एसी लावणार नाही याची खात्री त्याची त्यालाही नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज टेप घेऊन घर चाललो. अंदाजाचं खरं काम हेच. त्यातली निम्मी सकाळ एका खिळ्यापायी गेली.

ओसरीच्या लाकडी खांबाला जमिनीपासून ४ फूट ८ इंचांवर एक खिळा आहे. मी तो उपटायला निघालो तर काकू आतून ओरडल्या. सप्टेंबर २००८ च्या पुराचं पाणी तिथपर्यंत आलं होतं, यजमानांनी खूण म्हणून ठोकलेला. २ ऑगस्ट २०१६ ला पाणी त्याच्या वीतभर खाली थांबलं. आपल्याकडे गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की सराफ बाजार, भांडी बाजारातले लोक माल वर चढवायला लागतात. या घरात तेच काम हा खिळा करतो.

मी डीबी, म्हणजे सगळ्या फेऱ्यांच्या (सर्किटांच्या) दांड्यांची पेटी, ओसरीत मीटरच्या पाठीला लावायची असं धरून चाललो होतो. मीटरपासून जवळ, वायर कमी. खिळा पाहिला आणि तो कागद फाडला. डीबी जिन्याच्या माथ्यावर, माडीच्या पातळीला. खालच्या मजल्याचा एकूण एक फेरा वरून खाली उतरणार. जमिनीलगत वायर नाही, खिळ्याखाली कुठेही जोड नाही. सोळा अँपिअरची सॉकेटं साडेपाच फुटांवर. दिव्यांचे बोर्डही वर न्यायचे होते, पण काकूंची उंची पाच फूटही नाही.

"मी काय स्टूल घेऊन दिवा लावू?"

बरोबर आहे. दिव्यांचे बोर्ड साडेचार फुटांवरच ठेवले. त्याऐवजी खालच्या मजल्याला स्वतंत्र आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारी दांडी. पाणी चढायला लागलं की वर जाऊन एक दांडी खाली ओढायची, खालचं सगळं मरतं, वरचं चालू राहतं.

आता माप. माजघरातला पंखा उदाहरणादाखल लिहून ठेवतो, कारण मुलाला हेच पटवायला लागणार आहे. नकाशावर बोर्डपासून पंखा आठ फूट. प्रत्यक्षात वायर नकाशावरून जात नाही. बोर्डपासून छतापर्यंत साडेचार फूट. मग भिंतीच्या कडेने तुळईपर्यंत सात, कारण कडीपाटाच्या फळ्यांवरून तिरकं जाता येत नाही, जाऊ नये. मग तुळईच्या कुशीने मध्यापर्यंत सहा. दोन्ही टोकांना जोडायला एकेक फूट. साडेएकोणीस झाले. फेज, न्यूट्रल आणि अर्थ म्हणजे साडेअठ्ठावन्न फूट. नकाशावरच्या आठ फुटांना.

भिंती अडीच फूट जाड. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं तर तेवढंही धरायचं. भिंत वरून चुन्याची, आतून विटा आणि पांढरी माती. तिला खाचा मारल्या तर मशीनच्या हादऱ्याने आतली माती सुटते, मग प्लास्टरवाला महिनाभर मुक्कामी. म्हणून सगळं उघड्या पाइपातून. प्लास्टिकची पट्टी स्वस्त पडली असती, पण माडीवर उंदीर आहेत आणि पट्टीचं झाकण त्यांना दार उघडून दिल्यासारखं असतं.

दीड स्क्वेअरच्या वायरचे ४६ पॉइंट चालून १८४० फूट भरले. १२ टक्के वाया जाणारे धरून २०६०. बंडल ९० मीटरचं, म्हणजे २९५ फूट. सात बंडलं. सात बंडलांचे २०६५ फूट होतात, तेव्हा हे अगदी काठावर आहे हे दिसत होतं. तरी सातच लिहिली.

चारची वायर चार फेऱ्यांना. गिझर ३८ फूट, स्वयंपाकघराचे दोन फेरे ४४-४४, एसी ३०. मिळून १५६, वायाचं धरून १७५. हे एका रंगाचं झालं. लाल आणि काळी मिळून ३५० फूट, म्हणजे सव्वा बंडलाच्याही आत, असं नवखा लिहितो आणि दुकानात फसतो. सव्वा बंडल मिळत नाही, आणि लाल वायर काळ्या जागी चालत नाही. लाल एक, काळी एक. अंदाजात रंगाचा पूर्णांक आधी, बेरीज मागून.

अडीचची लाल एक, काळी एक, हिरवी एक. एकची हिरवी तीन. मीटरपासून डीबीपर्यंत १४ मीटर, ढिलाईसकट १६, म्हणून १० स्क्वेअर ३२ मीटर सुटी कापून. पाइपाचा मार्ग ६२० फूट, पाऊण इंची पाइप दहा फुटी ७० नग, इंची १४. सॅडल (पाइप धरणाऱ्या क्लिपा) दोन-दोन फुटांवर, साडेतीनशे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रविवार कारंज्याजवळच्या दुकानातून दर घेतले. तांब्याचा भाव चढता असल्याने दुकानदार कागदावर सही करताना वर "आजपुरता" लिहितो. मॉड्युलर बोर्ड, एमसीबी, दोन आरसीसीबी, अर्थिंगचं सामान धरून माल साधारण ८८ हजारांवर गेला. मुलाला पाठवलं. त्याचा फोन आला, वायर इतकी कशी? पंख्याचं उदाहरण वाचून दाखवलं. मग म्हणाला, "आईला विचारतो." काकूंनी हो म्हटलं होतं कालच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काम सुरू. काकूंचं देवघर आणि फ्रिज चालू राहील एवढी तात्पुरती एक लाइन आरसीसीबीसकट टाकून दिली, बाकी पुरवठा बंद.

जुनं काढताना माझ्या हाताखालचा पोरगा लाकडी पट्ट्या फोडत होता, थांबवला. सागवानाच्या आहेत. काकूंनी बाजूला रचून ठेवायला सांगितल्या. तुळईला करवत नाही, ड्रिल नाही, फक्त सॅडलचे स्क्रू. पाइपाला सागवानी रंग मारून आणायचं ठरलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अर्थिंग. घराला अर्थिंग आहे असं काकू छातीठोक सांगत होत्या. होतं. बाबांच्या वेळी नळाच्या लोखंडी पाइपाला तार बांधायची पद्धत होती. मधे कधीतरी प्लंबरने नळ बदलून प्लास्टिकचे केले. तार अजून बांधलेली आहे, प्लास्टिकच्या पाइपाला, नीट गाठ मारून.

खड्ड्यासाठी मला अंगणाचा पूर्वेकडचा कोपरा हवा होता. तिथे तुळस. काकूंनी नुसतं पाहिलं. खड्डा न्हाणीघराच्या मोरीमागे घेतला. खरं तर तीच जागा चांगली निघाली, कारण तिथली माती बारमाही ओलसर असते आणि अर्थिंगला ओल हवीच. बाबा मीठ-कोळसा भरायचे. मीठ चार पावसाळ्यांत धुऊन जातं आणि पाइप गंजतो, म्हणून आता तांब्याचा मुलामा असलेली सळई आणि बेंटोनाइटची पावडर. संध्याकाळी अर्थ टेस्टरवर ३.४ ओहम आले. पाचच्या आत आले की मी घरी जातो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दीडची वायर संपली. माडीची दुसरी खोली आणि जिना बाकी.

चूक कुठे झाली ते लगेच कळलं. दोन ठिकाणी. जिन्याचा दिवा मी एक पॉइंट धरला होता. जिन्याला खालून-वरून दोन्हीकडून बटण लागतं, टू-वेला दोन बटणांमध्ये दोन जादा तारा धावतात. वाड्याचा जिना, त्याला मधे वळण. ११० फूट तिथेच गेले.

दुसरी चूक मोठी. इन्व्हर्टर. काकूंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मी "हो, करू" म्हणून टाकलं आणि कागदावर डीबीशेजारी एक चौकोन काढला, वायर काढलीच नाही. प्रत्येक खोलीत एक दिवा, एक पंखा इन्व्हर्टरवर हवा. त्याचा फेज वेगळा न्यायचा, आणि आरसीसीबी असताना न्यूट्रलही त्याचा त्यालाच. एका खोलीला सरासरी ३५ फूट, सहा जागा, दोन तारा. ४२० फूट.

११० आणि ४२० मिळून ५३०. पावणेदोन बंडलांच्या वर. दोन बंडलं मागवली. आठवडाभरात भाव चढलाच होता, फरक माझ्या मजुरीतून वळता केला. काकूंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं." त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

२ डिसेंबर, मंगळवार

४ तारखेला दत्तजयंती, त्याआधी घरात दिवे हवेत अशी काकूंची अट. आज दुपारी पूर्ण घर चालू केलं. मेगरला आकडा शंभराच्या वर, प्रत्येक सॉकेटला अर्थ, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं की पडते. चहा झाला. सव्वासातला काकूंचा फोन, खालचा मजला बंद पडला.

गेलो, दांडी वर केली, राहिली. अर्धा तास बसलो, काही नाही. निघालो तर रविवार कारंज्याशी पुन्हा फोन.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी सगळं ठीक. दिवसभर गिझर, मशीन, मोटर सगळं चालवून पाहिलं, आरसीसीबी ढिम्म. ही दिवसा चालते आणि दिवेलागणीला पडते, म्हणजे दिवेलागणीला होणाऱ्या कशाने तरी पडते. काकू देवापाशी समई लावतात, ती तेलाची. साडेसहाला मी डीबीपाशी आणि पोरगा खाली ओसरीत, असे उभे राहिलो.

सहा पन्नासला शेजारच्या वाटणीतले अण्णा (काकूंचे चुलतदीर) बोळातला दिवा लावायला आले. त्यांनी बटण दाबलं आणि आमच्याकडे खट्.

बोळातला दिवा तिन्ही घरांचा सामाईक. त्याचा फेज अण्णांच्या मीटरवरून येतो, आणि न्यूट्रल वाटणीच्या वेळी कोणीतरी काकूंच्या बोर्डातून घेतलेला. जुन्या फ्यूजला त्याने काही फरक पडत नव्हता, बिल अण्णांचंच येत होतं. पोरग्याने ती काळी तार काकूंचीच समजून नव्या बोर्डात न्यूट्रलला बांधली. आरसीसीबीचं काम इतकंच, फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का ते बघायचं. इथे अण्णांच्या घरातून गेलेला करंट आमच्याकडून परत येत होता. नऊ वॅटचा दिवा, २३० व्होल्टला निदान ३९ मिलिअँपिअर. आमची आरसीसीबी ३० ची.

काळी तार सोडवून अण्णांच्या बोर्डात नेली. त्यासाठी वीस फूट काळी वायर लागली, अंदाजात कुठेही नसलेली. अण्णा म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आमचा दिवा वहिनींच्या तारेवर होता?" काकू आतून म्हणाल्या, "अर्धाच."

पोरग्याला काही बोललो नाही. बोर्डात काळी दिसली की तिचं दुसरं टोक पाहिल्याशिवाय बांधायची नाही, हे मी त्याला शिकवायला हवं होतं.

८ डिसेंबर, सोमवार

टेस्ट रिपोर्ट भरून दिला, भार ६ किलोवॅट मागितलाय. मीटर अजून बोळातच खाली आहे. सील त्यांचं, मी हात लावत नाही. उंचीवर घ्यायचा वेगळा अर्ज काकूंच्या सहीने दिला.

उरलेला माल मोजला. दीडचं नववं बंडल जवळजवळ संपलं, पन्नास फुटांच्या आत तुकडा उरला. चारची लाल आणि काळी प्रत्येकी शंभरावर फूट, ही माझ्या पुढच्या कामाला. एकची हिरवी तिसरी पेटी फोडलीच नव्हती, सीलबंद होती म्हणून दुकानाने परत घेतली. पाऊण इंची पाइप ७० पैकी ६६ लागले. सॅडल कमी पडले, कारण तुळईच्या वळणाला दोन-दोन फुटांवर भागत नाही, फुटा-फुटावर मारावे लागले. पुढच्या वेळी वाडा असेल तर चारशे लिहायचे.

जुन्या वायरीतलं तांबं पोरग्याने सोलून बाजूला काढलं, अॅल्युमिनियम वेगळं. मला वाटलं काकू भंगारात देतील. त्यांनी तांब्याचं गाठोडं वेगळं बांधून ठेवलं. तांबटांकडून त्यात भर घालून पूजेचा कलश करून घेणार म्हणे.

डीबीच्या दाराच्या आत तक्ता चिकटवला, कोणती दांडी कशाची. मोठ्या अक्षरात त्याची एक प्रत काकूंना दिली. त्यांनी भोक पाडून दोरा ओवला आणि ओसरीतल्या त्या खिळ्याला अडकवली.

म्हटलं, काकू, पूर आला तर आधी हाच भिजेल.

"तोवर मी वर गेलेली असेन की."